काउंटरवरचा आवाज

काउंटरच्या आतल्या बाजूला त्या सकाळी नऊ वस्तू होत्या. संगणक, प्रिंटर, बॅगांना बांधायच्या पट्ट्यांचं रीळ, ‘नाजूक’ छापलेले लाल स्टिकर, स्टेपलर, सॅनिटायझरची अर्धी बाटली, तळहाताएवढा आरसा, काळा टेलिफोन आणि मैत्रेयी. स्वतःला धरायचं की नाही यावर तिने जरा विचार केला आणि धरलं. बाहेरच्या बाजूला तीन ओळी रिकाम्या खुर्च्या, काचेपलीकडे बीदरची लाल माती, आणि छताच्या लोखंडी पट्टीवर एक चिमणी. बेंगळूरचं विमान येऊन परत गेलं होतं. दिवसाचं ते एकच. ते गेल्यावरही त्याच्या पंख्यांचा आवाज थोडा वेळ कानात राहतो, आणि तो कधी संपला हे नेमकं सांगता येत नाही, हे तिने अनेकदा करून पाहिलं होतं. ती तेच करत होती तेव्हा टेलिफोन वाजला. ती इथे कामाला लागल्यापासून तो कधीच वाजला नव्हता. लोक बेंगळूरच्या नंबरावर चौकशी करत. सामानाच्या पट्ट्याजवळ बसलेला बंडेप्पा लोडर मान वर करून म्हणाला, “अक्का, जित्तं हाय की ते!”

मागे विभा मॅडम बसल्या होत्या. त्या मूळच्या गुलबर्ग्याच्या, आता नव्या मुलामुलींना शिकवायला कंपनीतर्फे गावोगाव फिरत. मैत्रेयीची सहा महिन्यांची उमेदवारी संपत आली होती आणि तिला कायम करायचं की नाही हे त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. मैत्रेयीने आरशात पाहिलं, ओठ शिकवल्याएवढे ताणले, रिसीव्हर उचलला. आधी कन्नडमध्ये, मग हिंदीत नमस्कार केला. फोनवर स्वतःचं नाव विचारल्याशिवाय सांगायचं नाही असा नियम होता. पलीकडून मोठ्याने घसा खाकरल्याचा आवाज आला. त्या खाकरण्यावरूनच तिला कळलं. तरी तो आवाज पुढे बोलेपर्यंत तिला तसं वाटून घ्यायचं नव्हतं.

“हलू. एरपोट हाय का? मॅडम, मराठी येती का तुम्हाला?”

“हो. बोला.”

“मी भालकीहून बोलायलोय. पिराजी. गिरणीवाला.” जणू बीदरच्या कुणाही मॅडमला भालकीची पिठाची गिरणी माहीत असणारच. “आमची पोरगी हाय तुमच्याकडं कामाला. तिला फोन द्या म्हणत न्हाई मी. कामात त्यांचे मोबाइल कुलपात ठेवतेत, ठाव हाय. मला तुम्हालाच इचारायचं हुतं.”

विभा मॅडमनी खुर्ची थोडी पुढे घेतली. मैत्रेयीचा अंगठा रिसीव्हरच्या तारेच्या वेटोळ्यात अडकला होता. अप्पा, मीच हाय, एवढंच म्हणायचं होतं. त्यासाठी आवाज वर न्यावा लागला असता. घरात अप्पांशी ज्या आवाजात बोलतात तो आवाज या काचेच्या इमारतीत आजवर कुणी काढला नव्हता.

“विचारा ना.”

“ती बरी हाय का?”

तिला वाटलं अप्पा पुढे काही बोलतील. ते बोलले नाहीत. ते उत्तराची वाट पाहत होते, आणि त्यांनी कधी अशी वाट पाहिल्याचं तिला आठवेना. “हो,” ती म्हणाली. “त्या बऱ्या आहेत. त्यांचं काम छान चाललं आहे. आपण काळजी करू नका.”

“मग झालं. नमस्कार मॅडम.”

“धन्यवाद. आपला दिवस शुभ असो.”

कुणाचा फोन म्हणून विभा मॅडमनी विचारलं. एका प्रवाशाचे वडील, असं ती म्हणाली. “आवाज कुठेही हलला नाही तुझा,” विभा मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

हा आवाज तिला हैदराबादच्या प्रशिक्षणात मिळाला होता. एका हॉटेलच्या तळघरातल्या दालनात अठ्ठावीस मुलंमुली गोल करून उभी होती आणि विभा मॅडम सांगत होत्या, उजवा हात छातीवर ठेवा, हाताला थरथर जाणवेल इतका आवाज खाली आणा. घाबरलेल्या माणसाचा आवाज वर जातो. समोरचा प्रवासी आधीच घाबरलेला असतो. त्याचं सामान हरवलेलं असतं, विमान चुकलेलं असतं, कुणीतरी दवाखान्यात असतं. त्याला चुकीची का होईना पण स्थिर वस्तू हवी असते. शब्द संपवा, पुढचा उचला. हसा, कारण हसणं फोनवर ऐकू येतं. बाकीचे हसत होते तेव्हा मैत्रेयी हे खरं आहे का याचा विचार करत होती. गुलबर्गा विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.ला तिचा प्रकल्प ध्वनीवर होता. ओठ मागे ताणले की तोंडाची नळी आखूड होते, आखूड नळीचा अनुनाद वर सरकतो. म्हणजे हसणं खरंच ऐकू येतं. तिला फार बरं वाटलं होतं. त्याच रात्री वसतिगृहाच्या खोलीत तिने मोबाइलमध्ये कंपनसंख्या मोजणारं ॲप घेतलं. घरी वहिनीशी बोलताना दोनशे अठ्ठेचाळीस हर्ट्झ. दहा दिवसांनी, छातीवर हात ठेवून, एकशे शहाण्णव. पुढचे महिने तिने अधूनमधून मोजलं. काउंटरवर तो एकशे शहाण्णवच्या दोन-तीन आकडे इकडेतिकडे राही. हाताशी असलेल्या कुठल्याही उपकरणाने इतका चांगला निकाल तिला कधी दिला नव्हता.

आणि तो आवाज तिला आवडला होता, हेही खरं. गणवेशाच्या पाटीवर फक्त ‘मैत्रेयी’ होतं. प्रवासी, विशेषतः मराठी बोलणारे वयस्क प्रवासी, पाटी वाचून विचारत, कुठल्या गं तुम्ही? भालकी म्हटलं की, भालकीत कुणाच्या? तिथून पुढे प्रश्न कुठे जातो ते तिला लहानपणापासून माहीत होतं. पण या आवाजाकडे त्याचं उत्तर होतं. आपल्याला खिडकीजवळची जागा चालेल ना, असं तो म्हणे, आणि प्रश्न हवेतच राही. या आवाजाला गाव नव्हतं, गल्ली नव्हती. अप्पांच्या गिरणीवर वरच्या गल्लीतून फक्त जनावरांचा भरडा यायचा. गहू, ज्वारी ते लोक चौकापलीकडच्या दुसऱ्या गिरणीवर न्यायचे. अप्पा भरडा तितक्याच निगुतीने दळायचे. बारीक का जाड, म्हणून पट्ट्याच्या खडखडाटावर ओरडून विचारायचे. प्रत्येकाचा डबा त्यांना झाकणावरून ओळखता यायचा. कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाच्या घरी दात नसलेली म्हातारी आहे, त्यावर दगड किती आवळायचा ते ठरवायचे. पापण्यांवर पीठ, डोक्याला टॉवेल. लहान मैत्रेयी गिरणीच्या उंबऱ्यावर बसून अभ्यास करायची आणि तिला काही सांगायचं असलं की पोट आत घेऊन ओरडायची. घरात सगळेच ओरडत. गिरणी बंद असली तरी ओरडत. कॉलेजात मैत्रिणी म्हणाल्या, तू भांडतेस का बोलतेस, तेव्हा तिने ओरडणं बंद केलं, आणि मग घरी बोलणंही हळूहळू कमी झालं. आई असेपर्यंत ते कुणाला जाणवलं नाही. आई, इंदिराबाई, अप्पांच्या उजव्या हाताला बसायची आणि आलेल्या गिऱ्हाइकाचं, मुलांचं, साऱ्या जगाचं बोलणं अप्पांकडे तोंड करून सावकाश परत सांगायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

बीदरमध्ये तिची नौबादजवळ एक खोली होती. दुपारी कामावरून परत आली की दुसऱ्या सकाळपर्यंत तिला बोलायचं कारण नसे. कधी भिंतीपलीकडच्या घरातला कुकर वाजे आणि शिट्ट्या मोजून झाल्या की संध्याकाळ उरे. एकदा खानावळीत पोळीभाजीचा डबा घेताना ती म्हणाली, धन्यवाद, आपला दिवस शुभ असो. खानावळवाला हसला, “म्याडम, दिवस बुडाला की.” ती खोलीवर आली आणि डबा तसाच ठेवून तिने तिचा जुना आवाज काढून पाहायचा प्रयत्न केला. अप्पा, जेवलाव का. अप्पा, जेवलाव का. आकडा वर गेला, पण तो आवाज कुणाची तरी नक्कल केल्यासारखा लागला. रविवारी ती मोबाइलवरून घरी फोन करी. अप्पा “व्हय, व्हय, बरी हाय ना, मग झालं” म्हणत आणि फोन वहिनीच्या हातात देत. तो पहिला फोन येऊन गेला त्या रविवारीही असंच झालं. बीदरच्या मॅडमशी आपण बोललो, हे अप्पांनी सांगितलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

पण टेलिफोन आता वाजू लागला. विमान गेल्यावरच, कारण ज्याने कुणी अप्पांना नंबर शोधून दिला त्यानेच मॅडम कधी मोकळ्या असतात तेही शोधून दिलं असावं. बंडेप्पा म्हणे, “अक्का, तुमचा भालकीचा प्याशिंजर.” अप्पा आधी पोरगी बरी आहे का विचारत. मॅडम म्हणत, हो. मग ते इकडचं तिकडचं सांगत. गिरणीची मोटर जळली ते, तुरीचं सालपट नीट निघेना ते. एकदा म्हणाले, “तिच्या आईला लई हौस हुती इमान बघायची. आमच्या घरावरनं जातंय ते तुमचंच का मॅडम?” हवाई दलाचंही असेल, असं म्हणताना तिचं हसू आरशात तसंच होतं. तिला कळत होतं की हे पुढे जास्त अवघड होणार आहे. प्रत्येक फोनगणिक ‘मीच हाय’ म्हणायचा अर्थ बदलत होता. पहिल्या दिवशी ती गंमत झाली असती. आता त्यांना वाटलं असतं की पोरीने इतके दिवस बापाला मॅडम मॅडम म्हणायला लावलं. आणि दुसरंही एक होतं, त्याला ती शब्द लावत नव्हती. अप्पा मॅडमशी जितकं बोलत तितकं ते तिच्याशी जन्मात बोलले नव्हते. सांगितलं तर त्या मॅडमचा फोन बंद होणार होता, आणि तिच्या आठवड्यातलं तेवढंच एक बोलणं होतं.

“तुमाला एक सांगू का मॅडम,” अप्पा एकदा म्हणाले. “तुमचं बोलणं मला समदं कळायलंय. घरात कुणाचंच कळत न्हाई.”

“म्हणजे?”

“वरडतेत सगळे. कान फुटतो, पर काय म्हणायलेत त्ये कळत न्हाई. मी आपला व्हय व्हय म्हणतो. पोरगी आली की तिचं बी तसंच. ती काय सांगायली, मी काय ऐकायलो, कुणाला ठाव. एकदा व्हय म्हणलो तर रडायलीच ती. काय इचारली असंल?”

तिला आठवलं. तिने विचारलं होतं, मी ही नोकरी सोडू का.

गोंगाटात आयुष्य गेलेल्या कानातून आधी वरच्या पट्ट्या जातात. स, श, त, क. व्यंजनं जातात, स्वर राहतात. ओरडलं की स्वर फुगतात आणि व्यंजनं आणखी बुडतात. हे तिने प्रकल्पाच्या पहिल्याच प्रकरणात लिहिलं होतं, आलेखासह. लिहिताना तिला गिरणी आठवली नव्हती. त्या आलेखाचा उतार तिला अजून पाठ होता आणि त्या उताराखाली, उंबऱ्यापासून हाताच्या अंतरावर, अप्पा इतकी वर्षं व्हय व्हय म्हणत उभे होते.

त्यानंतरचा फोन आला तेव्हा विभा मॅडम पुन्हा बीदरला होत्या आणि काउंटरला टेकून उभ्या होत्या. अप्पा खुशीत होते. वरच्या गल्लीतल्या सत्यभामाबाईंनी गव्हाचा डबा पाठवला होता. भरडा नाही, गहू, चपातीचा. दुसरी गिरणी बंद होती म्हणून पाठवला असेल, ते स्वतःच म्हणाले, पण डबा आला तो आला. “बारीक दळून दिलो मॅडम, मैद्यावानी.” ते हसले. आणि हसत हसत, बोलणं संपवताना, घरच्या माणसाचा निरोप घ्यावा तसे म्हणाले, “बरं, जय भीम.”

तारेत फक्त खरखर. या शब्दाला उत्तर एकच असतं. ते द्यायला तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, बोलायला लागली तेव्हापासून ते तोंडात होतं. तिचा कामाचा आवाज मात्र ते उच्चारायला कधी वापरलेला नव्हता. विभा मॅडम काउंटरवरचे लाल स्टिकर एकावर एक नीट लावत होत्या. त्या ऐकत असतील किंवा नसतील.

“धन्यवाद,” मैत्रेयी म्हणाली. “आपला दिवस शुभ असो.”

“चुकलं मॅडम,” अप्पा घाईने म्हणाले. “सवय हाय. राग मानू नका. पोरीला काय बोलू नका हं त्यावरनं. नमस्कार. नमस्कार.”

आरशातले ओठ अजून ताणलेलेच होते. ते खाली यायला किती वेळ लागतो हे ती पाहत राहिली. विभा मॅडम म्हणाल्या, “तुला कायम केलंय, सांगायचं राहिलं. आणि बेंगळूरच्या फोन विभागात एक जागा आहे. तिथे दिवसभर फक्त आवाज. तुझा आवाज कुठलाच नाही, ऐकून माणूस कुठला ते कळत नाही. तेच हवं असतं तिथे. सोमवारी सांग.” बंडेप्पा पट्ट्यावरून म्हणाला, “जावा अक्का, मोठं गाव हाय. पर आमच्या ह्या डब्ब्याला फोन कोण करणार मग?” ती त्यालाही धन्यवाद म्हणाली.

त्यानंतर टेलिफोन वाजला नाही. विमान गेल्यावर ती रिसीव्हर उचलून कानाला लावी आणि लाइन चालू आहे का पाही. चालू असायची.

रविवारी ती भालकीला गेली. बसमध्ये शेजारच्या बाईने खिडकी लावू का विचारलं आणि ती म्हणाली, नक्कीच, आपल्या सोयीने. बाईने तिच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. घरी वहिनी, प्रियंका, भाकरी थापत होती. “आलाव का बंगळूरच्या म्याडम,” ती म्हणाली, कारण फोनवर मैत्रेयीने तिला त्या जागेबद्दल सांगितलं होतं. “तुमचे अप्पा चार दिस झाले गप हायत. कुणाशी तरी फोनवर बोलायचे, आता कामून बोलायले न्हाईत कुणाला ठाव. इचारलं तर म्हणायले, मोठ्या लोकायला आपण त्रास द्यावा न्हाई.”

गिरणीत करंट नव्हता. अप्पांनी वरचा दगड उतरवला होता आणि उकिडवे बसून छिन्नीने त्याला टाकी लावत होते. इतकी शांतता तिने त्या खोलीत क्वचित ऐकली होती. ती उंबऱ्यावर तिच्या जुन्या जागी बसली आणि सवयीने ओरडली, “अप्पा, मला बंगळूरला बलवायलेत!” अप्पांनी मान वर केली. “व्हय, व्हय,” ते म्हणाले आणि प्रेमाने हसले. “जाऊ का मी?” “व्हय. मग झालं.” छिन्नी पुन्हा चालू झाली. ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. पूर्वी या हसण्याचा तिला राग यायचा. आता तिला त्यात ते कष्ट दिसले, न कळलेल्या प्रत्येक वाक्याला चांगलं उत्तर शोधण्याचे, गिऱ्हाइकाला परत न पाठवण्याचे.

तिने मोबाइल काढला, ॲप उघडलं आणि तो उपड्या डब्यावर उभा टेकवून ठेवला. हे का केलं ते तिला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. काही मोजत असली की तिचे हात थरथरत नसत, एवढंच. तिने उजवा हात छातीवर ठेवला. हाताखाली थरथर जाणवेपर्यंत आवाज खाली आणला. एक शब्द संपवला, मग दुसरा उचलला.

“जय भीम, अप्पा.”

छिन्नी थांबली. अप्पांनी आधी दाराकडे पाहिलं, तिच्यामागे कुणी उभं आहे का ते. मग त्यांचा हात डोक्यावरच्या टॉवेलकडे गेला, परक्या मोठ्या माणसासमोर काढतात तसा तो काढायला. अर्धा काढला. मग त्यांनी तिच्या ओठांकडे पाहिलं.

“तुमीच का?” ते म्हणाले. आणि मग, “तूच का?”

“व्हय. मीच होते. त्या दिवशी उत्तर द्यायचं राहिलं माझं.”

अप्पांनी टॉवेल परत डोक्यावर ओढला. छिन्नीचं टोक अंगठ्याने पुसलं. रागावतील असं तिला वाटलं, किंवा हसतील. त्यांनी छिन्नी खाली ठेवली आणि सरकून तिच्या समोर आले, इतके की त्यांच्या पापण्यांवरचं पीठ तिला दिसलं.

“जय भीम,” ते म्हणाले. मग फोनवर विचारायचे तसंच, सावकाश, उत्तराची वाट पाहायच्या तयारीने त्यांनी विचारलं, “आमची पोरगी बरी हाय का तिथं?”

डब्यावरच्या पडद्यावर रेष सपाट होती. तिने ओठ ताणले नाहीत. हात छातीवरच होता.

“न्हाई, अप्पा,” ती म्हणाली.

रेष उठली, थरथरली आणि आकडा स्थिर झाला. एकशे शहाण्णव हर्ट्झ.